मालकांच्या दारचं कारंजं

“मावशी, ऊठ की झाकणावरनं. मला चावी लावायचीय.”

“कुणाचं पानी सोडतुयास?”

“पेठेचं. पेठेचा नंबर आहे आज सकाळी.”

“मग न्हाई उठत, जा.”

आणि यल्लूमावशी खरंच उठली नाही. मे महिन्याची पहिली तारीख, सकाळचे सहा वाजलेले, आणि ही बाई पाण्याच्या टाकीखालच्या लोखंडी झाकणावर मांडी ठोकून बसलेली, शेजारी दोन रिकाम्या घागरी. मी पाच फुटी चावी खांद्यावर घेऊन तिच्यासमोर उभा. त्या वेळी मी नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होतो. साध्या भाषेत, गावाला पाणी सोडणारा माणूस. गावात कुणाच्या घरी बारसं आहे, कुणाकडं पाहुणे आलेत, हे आधी मला कळायचं, कारण जो तो मला गाठून म्हणायचा, सिद्राम, आज आमच्या गल्लीला दहा मिनिटं जास्त सोड. शिव्याही पहिल्या मलाच.

आता या गोष्टीला अठरा वर्षं झाली. गावाचं नाव घेत नाही. सोलापूरच्या बाजूला असली गावं पुष्कळ आहेत, कुठलंही धरा.

“मावशी, पेठेतले लोक माझ्या नावानं बोंब मारतील.”

“मारू द्यात. आमी बारा दिस झालं मारतुया, तुला आली का ऐकू?”

बारा दिवस ही गोष्ट खोटी नव्हती. गावाला नवव्या दिवशी पाणी यायचं, पण यल्लूमावशीची वस्ती टेकडीवर, लाइनच्या शेवटच्या टोकाला. दगड फोडणाऱ्या माणसांची सत्तर-ऐंशी घरं. टाकी पाऊण तरी भरलेली असली तरच तिथवर पाणी चढायचं, आणि तीन दिवसांपूर्वीच्या नंबरला ती तेवढी भरलीच नव्हती.

“घरात माजी रेणुका बाळंत झालीय,” ती म्हणाली. “सहा दिसांचं लेकरू हाय. तिला न्हाऊ घालाया पानी न्हाई. खाणीतल्या डबक्यातलं आणून, गाळून, उकळून देतीया प्यायला. काल तिला हगवण लागली. आता तूच सांग, उठू का बसू?”

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

“आज संध्याकाळी टेकडीचा चुकलेला नंबर आहे. पेठेचं अर्ध्या तासात बंद करतो, दिवसभर टाकी भरून घेतो, आणि सहा वाजता तुमची चावी फिरवतो. हा माझा शब्द.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, घागरी उचलल्या. “तुज्या शब्दावर उठतीया हां,” म्हणाली आणि चढण चढायला लागली.

नऊच्या सुमाराला दातीर साहेब मोटारसायकलवरून आले. हे आमच्या पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता, पण पोटातून घाबरट.

“सिद्राम, टाकी भरत आलीय ना? संध्याकाळी कुणालाच सोडायची नाही. राखून ठेव.”

“साहेब, टेकडीचा नंबर आहे.”

“टेकडीचा नंबर पुढं ढकल. सहा वाजता मालकांच्या बंगल्यावर कारंज्याचं उद्घाटन आहे. प्रेशर पाहिजे. पंधरा फूट उडालं पाहिजे, असं मालकांनी स्वतः सांगितलंय.”

मालक म्हणजे आमचे नगराध्यक्ष दौलतराव कळसकर. त्यांना कुणी अध्यक्ष म्हणत नसे, सगळं गाव मालकच म्हणायचं. महिन्याभरापूर्वी नगरपालिकेच्या सभेत एका दमात पाच ठराव झाले होते. मालकांचं मानधन दुप्पट. मालकांना नवी पांढरी गाडी. गाडीला ड्रायव्हर, डिझेल पालिकेचं. बंगल्यावर तीन खोल्यांना एसी. आणि बंगल्याच्या दारात कारंजं, शहराच्या सुशोभीकरणाच्या नावाखाली. बंगला मालकांचा स्वतःचाच, पण ठरावात त्याला ‘अध्यक्षांचं निवासस्थान’ म्हटलं की झालं. सगळ्या नगरसेवकांनी बाकं वाजवली होती. त्याच सभेत टेकडीला मोठी पाइपलाइन टाकायचा विषय होता, तो वेळेअभावी पुढच्या सभेला गेला.

“पण साहेब, कारंज्याला आपलं पाणी कशाला? त्याला तर मोटार असते. तेच पाणी वर जातं, खाली येतं, परत वर जातं.”

दातीर साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. “आणली होती रे मोटार. मालकांनी परत पाठवली.”

“का?”

“म्हणाले, तेच तेच पाणी फिरवायचं? उष्टं पाणी माझ्या दारात उडवायचं? चांगल्या कामाला ताजं पाणी पाहिजे. मग मुख्य लाइनवरनं दोन इंची थेट कनेक्शन दिलं. काल तूच नाही का चेंबर बांधताना उभा होतास?”

होतो. बंगल्याच्या फाटकाजवळ नवा चेंबर बांधला, नवा व्हॉल्व्ह बसवला. मला वाटलं, बागेचा असेल.

“आणि उडालेलं पाणी कुठं जाणार?”

“हौद भरला की गटारीत. आता जास्त डोकं चालवू नकोस,” साहेब म्हणाले आणि आवाज खाली आणला. “हे बघ, तुझं कायम करायचं प्रकरण मालकांच्या टेबलावर आहे. चौदा वर्षं रोजंदारीवर काढलीस ना? एका सहीचा प्रश्न आहे. आठ दिवस गप राहा.”

ते गेले. मी टाकीच्या सावलीत बसलो, आणि डोकं नुसतं तापत गेलं. उष्टं पाणी! सहा दिवसांच्या बाळंतिणीला डबक्यातलं पाणी चालतं, आणि ह्यांच्या दारात हवेत उडवायला उष्टं चालत नाही! असल्या माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

मला वाटलं, गावात आज आगडोंब उसळणार. नऊ-नऊ दिवस पाणी नाही, आणि पिण्याचं पाणी हवेत उडवणार म्हटल्यावर कोण गप बसेल? म्हणून मुद्दाम गफूरभाईच्या पानपट्टीवर गेलो. सगळ्या गावाचं बोलणं तिथं चालायचं. चार-पाच जण आधीच उभे होते.

“ऐकलं का,” मी सुरुवात केली, “मालकांच्या बंगल्यावर कारंजं होतंय.”

“पंधरा फुटी!” गफूरभाई चुना लावता लावता म्हणाला. त्याचा चेहरा असा फुललेला, जसं काही कारंजं त्याच्याच परसात होतंय. “मी तर दुकान बंद करून जाणार संध्याकाळी. पोरीपण म्हणतायत, अब्बा, दाखवायला न्या.”

“अहो, पण ते आपल्या टाकीचं पाणी आहे. प्यायचं.”

“मग? मालकांनी काय विहिरीवरनं शेंदून आणायचं?” एक जण म्हणाला, आणि सगळे हसले.

“गफूरभाई, तुमच्या घरी किती दिवस झाले पाणी येऊन?”

“आज सातवा. पण त्यात मालकांचा काय गुन्हा? पाऊस पडला नाही, धरणात नाही. आणि हे बघा सिद्रामअण्णा, आपला अध्यक्ष कसा दिसला पाहिजे? शेजारच्या तालुक्याचा अध्यक्ष मोटारसायकलवर हिंडतो. त्याला कलेक्टर ऑफिसात कुणी खुर्ची देतं का? आपले मालक गाडीतनं उतरले की शिपाई उठून उभा राहतो. ती इज्जत कुणाची? आपली!”

“आणि मानधन दुप्पट केलं ते?”

“अरे, राजा माणूस तो. तेवढ्यात त्यांचा चहापाण्याचा खर्च निघत नसेल.”

मघाशी विहिरीचं बोललेला म्हणाला, “तुझ्या पोटात का दुखतंय? तुझंही प्रकरण आहे ना त्यांच्याकडं?”

पान न खाताच मी निघालो. संताप कुणाचा करायचा तेच कळेना. मालकाचा करायचा तर तो समोर नाही. आणि जे समोर आहेत ते कोरड्या नळाखाली बादली ठेवून त्याच्या गाडीच्या रंगाचं कौतुक करतायत.

घरी जेवायला गेलो तर सुगंधानं, माझ्या बायकोनं, ताट वाढायच्या आधी तोंड बघितलं.

“काय झालं?”

मी सांगितलं. ती ऐकत भाकरी थापत राहिली.

“तुमी काय करणार हाय?”

“काही नाही. काय करणार?”

“ते बरं. चौदा वर्सं मी लोकांस्नी सांगतीया, औंदा कायम होणार, औंदा कायम होणार. तुमाला रोजंदारीवर ठेवून मारतील तर मी कुणाच्या दारात जायाचं? ती बाई टेकडीवरची बारा दिस थांबली, आणिक दोन दिस थांबंल.”

“तिच्या पोरीला हगवण लागलीय.”

सुगंधानं भाकरी तव्यावर टाकली. “तरीबी,” ती म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही.

संध्याकाळी सहाला मी बंगल्याच्या फाटकाशी, नव्या चेंबरपाशी उभा. बंगल्यासमोर हे गाव लोटलेलं! बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, पोरं खांद्यावर. भेळेच्या गाड्या लागल्या, फुगेवाले आले. मालक पांढऱ्या कपड्यात पायरीवर उभे होते, गळ्यात हार मावत नव्हते. दातीर साहेबांनी मला हातानं खूण केली. मी बावीस आटे चावी फिरवली. बावीस आटे म्हणजे पूर्ण उघडं.

कारंजं सुटलं. पंधरा फूट म्हणत होते, ते वीस गेलं. लोक असे ओरडले, असे ओरडले! टाळ्या, शिट्ट्या. तुषार अंगावर आले तर बायकांनी ते डोळ्यांना लावले. गफूरभाईनं धाकटीला उचलून धरलं होतं. खरं सांगतो, दिसायला सुंदरच होतं. तोच तर राग.

थोड्या वेळात हौद भरला आणि पाणी काठावरून गटारीकडं वाहायला लागलं. तेवढ्यात गर्दीतनं वाट काढत यल्लूमावशी आली. कमरेवर घागर. तिनं मला बघितलं नाही. ती सरळ हौदाच्या काठाशी गेली आणि सांडणाऱ्या धारेखाली घागर धरली. सांडणाऱ्या, बरं का. गटारीत जाणाऱ्या.

बंगल्यावरचा वॉचमन धावला. “ए बाई! ए! हे भरायचं पाणी नाही. शोभेचं आहे!”

“सांडतंयच न्हवं बाबा—”

“सांडू दे. चल, व्हय मागं. पाहुणे आलेत, घाण दिसतं ते.”

त्यानं घागरीला पायानं ढोसलं. ओंजळभर जमलेलं पाणी सांडलं. आजूबाजूचे लोक बघत होते. एकजण म्हणाला, “बाई, जरा वेळकाळ बघावी माणसानं.” एवढ्या गर्दीतनं एकाच्या तोंडातनं निघालं काय, तर हे! यल्लूमावशी मागं सरकली. पदरानं घागर पुसली. आणि मग मान वर करून कारंज्याकडं बघायला लागली, बाकीच्यांसारखीच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी विचार केला, ठरवलं, असं काही नाही. चावी व्हॉल्व्हवरच होती. मी ती धरली आणि उलटी फिरवायला लागलो. दहा आट्यांना कारंजं निम्म्यावर आलं. लोकांना वाटलं, हाही खेळच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाविसाव्या आट्याला ते बसलं. मालकांचं भाषण चालू होतं, “या शहराच्या वैभवात” एवढं म्हणून ते थांबले. मी चावी सायकलला बांधली आणि सगळ्यांच्या देखत निघालो. दातीर साहेब “सिद्राम! सिद्राम!” करत चार पावलं पळाले, त्यांचाच पाय खड्ड्यात गेला.

टाकी अजून पाऊण भरलेली होती. मी टेकडीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. मग चढणीला उभा राहून ऐकत राहिलो. आधी नळांचा वारा सुटल्याचा आवाज आला, आणि मग वरनं बायकापोरांचा असा कालवा, की मला एकट्याला तिथं उभ्या उभ्या हसू आलं. चौदा वर्षं चावी फिरवली, त्यातला तो एक दिवस सुखाचा.

सुख दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं.

सात वाजता दातीर साहेब दारात. “मेलास तू,” म्हणाले. “मालक म्हणतायत, काढून टाका, वर पाणीचोरीची पोलीस केस करा. मी आत्ता टेकडीवर जाऊन तेच सांगून आलोय, सिद्राम गेला म्हणून समजा, तुमचीही चौकशी होईल. आठ वाजता बंगल्यावर ये.”

सुगंधानं मला धुतलेला सदरा काढून दिला.

बंगल्यावर जाताना पानपट्टी लागते. काल ज्यांच्या घरी सात दिवस पाणी नव्हतं, आज ज्यांच्या घरी आठ दिवस पाणी नाही, ते सगळे तिथं होते. गफूरभाईनं माझ्याकडं पाठ केली. “सगळ्या गावाची नाचक्की केली ह्यानं,” मागनं आवाज आला. “बाहेरचे पाहुणे होते काल.” दुसरा म्हणाला, “मालकांच्या चांगल्या कामात अपशकुन केला.” माझ्यामागं हळूहळू ही सगळी मंडळी बंगल्याकडं निघाली, माझं काय होतंय ते बघायला.

मालक व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसले होते. मला उभं केलं पायरीखाली. कारंज्याचा हौद समोर, कोरडा. रात्रीतनं खालच्या मोरीनं रिकामा झालेला. मालक बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात फाटकातनं गलका झाला.

टेकडीच्या बायका आल्या होत्या. चाळीस-पन्नास तरी असतील. एका रांगेत, प्रत्येकीच्या डोक्यावर भरलेली घागर. पुढं यल्लूमावशी. वॉचमन अडवायला गेला, मालकांनी हातानं त्याला थांबवलं. मावशी हौदाशी आली, तिनं डोक्यावरची घागर उतरवली आणि हौदात रिकामी केली. मागची आली, तिनं केली. त्यामागची आली. बारा दिवसांनी मिळालेलं पाणी, दीड मैल डोक्यावरून आणून, त्या हौदात!

“मावशी!” मी ओरडलो. “काय करतेस हे?”

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती पायरीपाशी गेली आणि वाकून मालकांना हात जोडले.

“मालक, आमी चुकलो. ह्यो सिद्राम न्हाई म्हनत हुता. आमीच त्याला धरला. बायकास्नी आडवं पाडून जाशील का म्हनलं, आन् जबरदस्तीनं चावी फिरवाया लावली. आमाला काय ठावं, ह्ये पानी मालकांचं हाय म्हनून. घ्या तुमचं पानी परत.”

“खोटं आहे हे,” मी म्हणालो. पण कुणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नाही. काल घागरीला लाथ बसली ती या बाईच्या, आणि आज तीच त्या दारात वाकतेय! मालकांचं पाणी! अगं, नदीचं पाणी, धरणाचं पाणी, गावाच्या पैशाची पाइप, मालकाचं कुठनं झालं? एवढा राग मला मालकाचाही आला नव्हता. वाटलं, यांना पाणी दिलं तीच चूक. ह्या लोकांना असंच ठेवलं पाहिजे.

मालक उठून उभे राहिले. “अरे, अरे, कशाला, कशाला,” म्हणत होते. पण थांबा म्हणाले नाहीत. शेवटच्या बाईची शेवटची घागर रिकामी होईपर्यंत ते तसेच “कशाला, कशाला” म्हणत राहिले. मग लोकांकडं वळले.

“बघितलंत?” त्यांचा गळा भरून आला होता, खरंच भरून आला होता. “हे प्रेम! याच्यापुढं मला काय पाहिजे? सिद्राम, जा. माफ केलं तुला. बायामाणसांनी अडवलं, तू तरी काय करणार? दातीर, त्याचं प्रकरण आणा, आत्ता सही करतो.”

लोक हळहळले, वाहवा म्हणाले. “ह्याला म्हणतात मन!” गफूरभाई मोठ्यानं म्हणाला, आणि डोळे पुसले. पुढच्या सभेत जनतेच्या भावना लक्षात घेऊन मालकांचं मानधन आणखी वाढवलं, तेही इथंच सांगून टाकतो. टेकडीची पाइपलाइन तेव्हाही वेळेअभावी राहिली.

“आता सोड बघू पाणी तुझ्या हातानं,” मालक म्हणाले.

मी नाही म्हणू शकलो असतो. आजही रोज वाटतं, म्हणायला पाहिजे होतं. चावी टाकून निघून जायला पाहिजे होतं. पण दातीर साहेब आतनं फाइल घेऊन येताना मला दिसले. मी फाटकापाशी गेलो आणि बावीस आटे फिरवले.

टाकी रात्रीतनं निम्मीच भरली होती. कारंजं उडालं ते पुरुषभर. तेवढ्यालाही टाळ्या कडाडल्या. भरलेला हौद भराभर वाहायला लागला, टेकडीचं ते पाणी काठावरनं गटारीत चाललं. मी चावीला टेकून, दातावर दात दाबून उभा होतो.

यल्लूमावशी रिकामी घागर घेऊन माझ्या शेजारनं जायला लागली. मी तोंड फिरवलं. ती थांबली. कारंज्याकडं बघत, ओठ न हलवल्यासारखं बोलली.

“टाळ्या वाजीव.”

“काय?”

“टाळ्या वाजीव, सिद्राम. सगळं वाजीवत्यात, तू येकटाच उभा हायस. त्यो बगतुया. अजून सही व्हायाची हाय.”

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते, आणि त्यात मालकाबद्दल काहीही नव्हतं. ना भीती, ना माया.

“आमच्यापायी तुज्या पोटावर पाय नगं,” ती म्हणाली. “रातच्याला बाळंतिणीला न्हाऊ घातलं. तेवडं झालं. बाकीचं घरोघरी फिरून, सगळ्यांच्या रांजणातनं काडून आणलंया. लई भांडल्या बाया, पर दिलं.”

“आणि आता प्यायला?”

“वाजीव लवकर,” ती म्हणाली.

व्हरांड्यात मालक फाइल गुडघ्यावर घेऊन, पेनाचं टोपण काढून माझ्याकडंच बघत होते. मी चावी भिंतीला टेकवून ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. चांगल्या मोठ्यानं वाजवल्या, त्यांना ऐकू जातील अशा. मालक हसले आणि खाली वाकून त्यांनी सही केली. यल्लूमावशी घागर कमरेवर घेऊन खाणीच्या वाटेला लागली.